कृती द्यावी, रांजण कोणी भरावा?

फराळाचे ताट शेजारी पाठविणे निराळे आणि चकलीच्या भाजणीचे प्रमाण शेजारणीस सांगणे निराळे. ताट संपते, प्रमाण संपत नाही. फावल्या वेळी हौसेने संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढे हाच प्रश्न येतो. तयार प्रोग्राम नुसता वापरावयास देणे हे ताट पाठविणे झाले. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, पुढे द्यावी म्हणून खुली करणे, म्हणजे प्रमाण सांगणे. ते सांगावे काय?

सांगावे, याला मोठा दाखला आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक संगणकप्रणाली रचीत असल्याचे जाहीर केले. ही केवळ हौस आहे, असेही बजावले. तिच्या वाटपाचे पैसे कोणी घेऊ नयेत, अशी त्याची पहिली अट होती. १९९२ मध्ये तीही त्याने सोडली. जो ती सुधारून इतरांस देईल त्यानेही आपली संहिता खुली ठेवावी, एवढेच बंधन राखले. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तीच लिनक्स आहे. एकट्याच्या पेटीत ती एवढी वाढती ना.

मग अडचण कोठे? कृती सांगितली की दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात उभी: ‘चकली तेलात विरघळली हो, आता?’ द्यावयाची होती कृती आणि गळ्यात पडते पाणपोई. तिचा रांजण रोज भरावा लागतो. एक्सझेड नावाचा, माहिती दाबून लहान करणारा प्रोग्राम एक गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होते. काम सावकाश चालते म्हणून २०२२ मध्ये काहींनी त्यांस टोचून बोलावयास आरंभ केला. थकल्या जिवाने मदतीस आलेल्या अनोळखी हातावर विश्वास टाकला, आणि २०२४ मध्ये त्याच हाताने आत चोरदरवाजा बसविला. अर्ध्या सेकंदाचा विलंब एका अभियंत्यास खटकला, म्हणून मार्चमध्ये तो सापडला. अपराध त्या परक्याचा खरा. पण फुकट पाणी पिऊन वर रांजणवाल्यावर डाफरणारे अगदीच निर्दोष कसे?

तेव्हा द्यावे, असेच माझे मत. मात्र ‘आहे तसे देत आहे’ असे सांगून द्यावे. अशा परवान्यांत ते लिहिलेले असतेच. ठाऊक असलेला दोष लपवू नये, आणि हात थकले तर तसे मोकळेपणी कळवावे. एवढे केले की देणाऱ्याचे ऋण फिटले. रांजण भरावयाचा तो पाणी पिणाऱ्यांनी.