सुंदर दिसलं, मग पुढे काय?



मुंबईच्या सूनी तारापोरवाला यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी 'सलाम बॉम्बे' सिनेमामुळे ऐकलं असेल. त्याची पटकथा त्यांची. पण त्याच्याही आधीपासून त्या फोटो काढतात, आणि ही कला त्या आपल्या आपणच शिकल्या. अमेरिकेत कॉलेजात असताना १९७६ साली खोलीतल्या मैत्रिणीकडून पैसे उसने घेऊन त्यांनी कॅमेरा घेतला. मग मुंबईत आल्यावर समोर होतं तेच टिपलं. घरची म्हातारी माणसं, पारशी शेजार, रस्त्यावरची माणसं. १९७७ ते २०१७ अशा चाळीस वर्षांतल्या त्यांच्या मुंबईच्या फोटोंचं प्रदर्शन झालं, त्याचं नाव 'होम इन द सिटी'. चाळीस वर्षं एकाच शहराकडे बघत राहायचं! आपण तर आपल्याच अंगणाकडे धड बघत नाही.

साध्या गोष्टीत सौंदर्य बघावं हे आपण सत्संगात नेहमी ऐकतो. ते खरंच आहे. पण मला एक प्रश्न सतावतो. दुसऱ्याच्या कष्टात मला सौंदर्य दिसलं, तर त्या माणसाचं त्यात काय?

आपल्या डिचोलीचंच घ्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, त्याआधी खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा संध्याकाळच्या उन्हात ती तांबडी धूळ काय सुंदर दिसायची! लांबून. रस्त्याकडेच्या घरातली बाई मात्र दिवसातून तीनदा ओटा पुसायची, तुळशीची पानं धुवायची. दोघींचं बघणं खोटं नव्हतं. फक्त एकीच्या हातात फडकं होतं.

देवळात आपण दर्शन घेतो तेव्हा देवही आपल्याला बघतो अशी आपली श्रद्धा असते. बघणं दोन्हीकडून असतं. फोटोत ते एकाच बाजूने होतं, हीच अडचण. घरच्यांचा फोटो काढला तर तो काढणारी त्यांच्यातलीच असते, उद्या तीच त्यांना औषध देणार असते. तारापोरवालांनी आपल्या पारशी समाजाचे फोटो वर्षानुवर्षं काढून २००० साली पुस्तक केलं, त्यात हे घरचेपण आहे असं मला वाटतं. अनोळखी माणसाच्या बाबतीत तेवढं नातं कुठून आणणार?

'सलाम बॉम्बे'त रस्त्यावरच्या मुलांनीच कामं केली. १९८८ साली सिनेमा आला, जगभर गाजला, आणि करणाऱ्यांनी त्या पैशातून अशा मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' काढला. आजही तो चालू आहे. तरी मुख्य भूमिका केलेला मुलगा मोठेपणी बंगळुरात रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही हो, पण टाळ्यांनी त्याचं पोट भरलं नाही एवढं खरं. म्हणून ट्रस्ट फुकट गेला असं मी म्हणणार नाही. बघून झाल्यावर त्यांनी पाठ फिरवली नाही, याचं मोल आहेच.

आता आपल्या ग्रुपबद्दल बोलते. रागावू नका. अन्नदानाच्या सेवेचे फोटो आपण टाकतो, खाली पन्नास हात जोडलेले येतात. मागच्या खेपेला एका आजीला ताट देताना मोबाईल वर झाला आणि तिने पदर तोंडावर ओढला. "फोटो कित्याक गो बाय?" एवढंच विचारलं तिने. कोणाकडे उत्तर नव्हतं. काहीजणी म्हणतात, फोटो बघून इतरांना सेवेची प्रेरणा मिळते, वर्गणीचा हिशोबही दिसतो. ते चुकीचं नाही. पण हिशोब भांड्यांच्या, तांदळाच्या पोत्यांच्या फोटोनेही दिसतो, त्याला आजीचा चेहरा कशाला हवा? ती हसून म्हणाली, काढ गो माझा, तर गोष्ट वेगळी. पण त्यासाठी आधी तिच्याजवळ बसायला हवं, तिचं नाव विचारायला हवं.

पुढच्या सेवेच्या यादीत मी 'फोटो' या कामासमोर कोणाचंच नाव लिहिलेलं नाही. ताटं उचलायला आणि आजी-आजोबांशी बोलत बसायला मात्र चारजणी कमी पडतायत. ज्यांना जमेल त्यांनी शनिवारपर्यंत कळवावं.