हाकणाऱ्याचा दोष आणि मालकाचा भार

समजा, बाजाराहून परतणाऱ्या उतारूंनी भरलेली एक बस घाटाच्या वळणावर कलंडली आणि एका घरचा कर्ता पुरुष दगावला. चार दिवसांनी कंपनीचा मनुष्य त्याच्या विधवेकडे येतो, थोडी रक्कम पुढे ठेवतो व कागदावर अंगठा मागतो. तो म्हणतो, "मालक तर घरी होते. गाडी ड्रायव्हरने हाकली. त्यांचा काय दोष? झाले ते क्षमा करा." शेजारीही म्हणतात की, पैसे मागणे म्हणजे मेलेल्या माणसाचा सौदा करणे होय. ती बाई तो कागद घेऊन उपदेशकाकडे येते. त्याने तिला काय सांगावे?

आमच्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होत आहे. दोष ही एक गोष्ट आणि भार ही दुसरी. मोशेच्या नियमशास्त्रातील मारक्या बैलाचा नियम वाचकांस ठाऊकच आहे. शिंग बैलाने मारले, धन्याने नव्हे. तथापि बैल मारका आहे हे कळूनही धन्याने तो बांधून ठेवला नाही, तर जाब धन्यासच द्यावा लागे. बसचेही तसेच आहे. १९६१ च्या मोटार कामगार कायद्याने ड्रायव्हरचे काम साधारणतः दिवसास ८ तासांचे ठरविले होते. जो मालक जागरण झालेल्या माणसास पुन्हा गाडीवर पाठवितो, त्याने मारका बैल मोकळा सोडला नाही काय?

आपला कायदा याच्याही पुढे जातो. नोकराने धन्याच्या कामात हयगय केली तर धनी जबाबदार, हे तत्त्व जुनेच आहे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १६४, जे २०२२ पासून नव्या रूपाने अमलात आले, त्याप्रमाणे कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मालकाने किंवा विमा कंपनीने द्यावयाचे आहेत. हा निर्दोष मालकावर अन्याय नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. उतारू तिकीट घेतो आणि आपला जीव दुसऱ्याच्या हाती सोपवितो. ब्रेक तपासणे, झिजलेले टायर बदलणे, ड्रायव्हर निवडणे हे मालकाच्याच हाती असते, आणि भाडेही त्याच्याच पेटीत पडते. ज्याने लाभ घ्यावा त्याने भारही वाहावा. तो भार एकट्याच्या पाठीवर पडू नये म्हणूनच विम्याची सक्ती आहे.

आता सौद्याविषयी. दिल्ली परिवहन महामंडळाच्या बसच्या १९८८ मधील एका अपघाताचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. मृताची मिळकत किती, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चास किती जाई आणि त्याचे वय काय, यांवरून घरास पडलेली तूट कशी मोजावी, हे त्यात ठरविले आहे. म्हणजे न्यायालय जिवाचे मोल करीत नाही. रिकाम्या झालेल्या ताटांचा हिशेब करते. तो निकाल येण्यास एकवीस वर्षे लागली, ही मात्र लाजेची गोष्ट होय.

आणि क्षमा? त्या बाईने ड्रायव्हरविषयी मनात वैर ठेवू नये, हे योग्यच. परंतु लेकरांच्या तोंडचा घास सोडून देण्याचा अधिकार तिला कोणी दिला? स्वतःचे ऋण माफ करणे हे औदार्य होय. दुसऱ्याचे ऋण माफ करणे हे औदार्य नव्हे. उलट, जो बसमध्ये नव्हताच त्याचे नाव घुसडणे किंवा खरचटल्यास मोडलेले हाड म्हणणे हीही चोरीच होय. हक्क खरा असेल तर त्यास खोट्याच्या टेकूची गरज नाही.

म्हणून उपदेशकाने तिला सांगावे: बाई, घाईने अंगठा देऊ नकोस. तिकीट, पोलिसांची पहिली खबर व डॉक्टरांचे दाखले जपून ठेव. आपण राहतो त्या भागाच्या अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा विलंब करू नकोस. मग त्याने स्वतः तिच्याबरोबर जिल्ह्याच्या गावी जावे. कोरड्या सांत्वनापेक्षा ती सोबत तिच्या अधिक उपयोगी पडेल.