एक जून आणि सातवी माळ

आमच्या अण्णांना दोन वाढदिवस आहेत. एक कागदावरचा, 1 जूनचा. दुसरा खरा, पण त्याला तारीख नाही. तो नवरात्रात सातव्या माळेला येतो. पहिल्या वाढदिवसाला पहाटेपासून फोन टुणटुणत असतो, दुपारपर्यंत शंभरेक शुभेच्छा सहज जमतात. दुसऱ्याला एकच फोन येतो, आत्याचा.

1 जूनचं कोडं महाराष्ट्रात फार समजावून सांगावं लागत नाही. तरी ज्यांचा दाखला आईला दवाखान्यातून घरी सोडायच्या आधीच तयार होता, त्या पिढीसाठी थोडं सांगते. शाळा जूनमध्ये भरायची आणि पहिलीत घ्यायला सहा वर्षं पुरी लागायची. बाप पोराला बखोटीला धरून आणायचा. जन्म कधीचा, विचारलं तर म्हणायचा, 'पानशेत फुटलं त्या साली', नाहीतर 'भुईमूग काढायला आला होता बघा तेव्हा'. मग मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. रजिस्टरात 1 जून पडायचा आणि साल मागं मोजून लिहिलं जायचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969चा, पण खेड्यापाड्यांत नोंदीची सवय लागायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. तोवर मास्तरांचं अक्षर हाच जन्माचा पुरावा होता, आणि तो माणसाला जन्मभर पुरायचा. सरकारी नोकर एक तारखेला जन्मलेला असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून 31 मेला राज्यातल्या शाळा-कचेऱ्यांत इतके निरोप समारंभ असतात, की तालुक्याच्या गावी त्या दिवशी शाल मिळायची मारामार.

अण्णा स्वतः प्राथमिक शिक्षक होते. म्हणजे 1 जून त्यांना मिळाला तसा त्यांनी तो पुढे शेकडो पोरांना वाटलाही. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात त्या दिवशी जो तो ज्याला त्याला शुभेच्छा देत असतो. 'ही सगळी मीच जन्माला घातलेली,' असं अण्णा दर वर्षी म्हणतात आणि आई दर वर्षी स्वयंपाकघरातून विचारते, 'हो का? मग त्यांच्या आया काय करत होत्या?'

फेसबुक जी जन्मतारीख विचारतं तीही अशीच दाखल्याची तारीख आहे, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. अमेरिकेत 1998 साली एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही, असा त्याचा साधारण रोख. कंपन्यांनी त्यातून सोपी वाट काढली: तेराच्या आतल्यांना घ्यायचंच नाही. 2006 साली फेसबुक सगळ्यांना खुलं झालं तेव्हा दारात हा प्रश्न उभाच होता. आणि अकरा वर्षांची पोरं दारात काय करतात? साल मागं ढकलतात. कान हाताला लागला, चला आत. फरक इतकाच की मास्तरांनी रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. इथे ते चावडीवर टांगलं गेलं, आणि रोज सकाळी शिपाई घंटा वाजवून सांगू लागला, आज अमक्याचा वाढदिवस, तमक्याचा वाढदिवस, शुभेच्छा द्या.

त्याआधी हे काम घरातली एखादी बाई करायची. आमच्याकडे आईचं कालनिर्णय होतं. त्या चौकोनांत दूध न आल्याचे दिवस, सिलेंडर लावल्याची तारीख, आणि मध्येच 'बापूकाका', 'धाकटी वन्स', 'शेजारचा बंड्या'. डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की ती जुनं मांडीवर घेऊन बसायची आणि एकेक नाव उतरवायची. सगळी नावं उतरत नसत. कोणी वारलेलं असे, कोणाशी जमिनीवरून बोलणं थांबलेलं असे, कोणी नुसतंच लांब गेलेलं. एका वर्षी एक नाव गाळलं आणि दोन वर्षांनी पुन्हा घेतलं, हेही मी पाहिलंय. त्यावर घरात चर्चा झाली नाही. त्या चौकोनातल्या शाईतच ती होती.

यंत्राला असं डिसेंबरातलं बसणं नाही. माझे एक सहकारी गेले त्याला चार वर्षं झाली. मृत व्यक्तीचं खातं स्मृतिरूपानं राखायची सोय फेसबुकनं 2009 सालीच केली, पण कुणीतरी जाऊन तसं सांगावं लागतं. त्यांच्या बाबतीत कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे दर वर्षी घंटा वाजते आणि दर वर्षी कोणीतरी, ज्याला बातमी पोचलेली नाही असा, 'शतायुषी व्हा' म्हणून लिहून जातो. मराठीत जिवंत माणसाचा वाढदिवस असतो आणि गेलेल्याची जयंती. दोन वेगळे शब्द ठेवून आपण ही पंचाईत मिटवली होती. आता त्या 'शतायुषी व्हा'वाल्या गृहस्थांना कळवावं का, हा शिष्टाचाराचा नवाच प्रश्न आहे. मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पुसलं. काही माणसांच्या लेखी ते अजून आहेत, तर असू देत.

तसं पाहिलं तर आपण जन्मापेक्षा मरणाची तिथीच जास्त नेमानं सांभाळत आलो. वर्षश्राद्ध चुकवून चालत नसे. वाढदिवस चुकला तर फारतर खीर हुकायची. ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी भाद्रपदात सर्वपित्री अमावास्या ठेवलेली आहे, एका दिवसात सगळ्यांचं. मला वाटतं 1 जून ही जन्मांची सर्वपित्री आहे. हे मी अण्णांना एकदा म्हटलं. त्यांना आवडलं, आईला अजिबात नाही.

गणित मांडून पाहिलं. 256 जणांच्या व्हॉट्सॲप गटात सरासरी दर दीड दिवसाला एक वाढदिवस येतो. 2022 साली गटाची मर्यादा 1024 झाली. असा गट खरोखर भरला तर रोज जवळपास तीन. त्यात आमच्या सोसायटीचा, माहेरचा, सासरचा, शाळेचा, कॉलेजचा असे पाच गट धरा. कोणाला पुष्पगुच्छाचं चित्र पाठवलं नि कोणाला नुसता अंगठा, हे मोजणारी माणसं प्रत्येक गटात असतात. सासरच्या गटात एका जावेला चार ओळी गेल्या आणि दुसरीला दोन, तर दिवाळीपर्यंत पुरेल इतकं साहित्य होतं. एकाच सकाळी कोणाच्या सासऱ्यांच्या निधनाची बातमी आणि कोणाचा वाढदिवस आला, की खाली केक आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे एकाआड एक संदेश पडत जातात. घाईत कोणाचा तरी निरोप चुकीच्या ओळीखाली पडतोच. तो पुसला तरी 'संदेश पुसला आहे' ही पाटी उरतेच, आणि सगळे काय ते ओळखतात.

लोक म्हणतात की या सगळ्यानं शुभेच्छा स्वस्त झाल्या. शुभेच्छा स्वस्त कधी नव्हत्या? चौकातल्या फ्लेक्सवर 'भावी नगरसेवकां'ना शुभेच्छा देणाऱ्या बावीस शुभेच्छुकांचे फोटो असतात, आणि फ्लेक्स कशासाठी लागतो हे त्या बाविसांना, नेत्याला आणि खालून जाणाऱ्या रिक्षावाल्यालाही नीट ठाऊक असतं. शिवाय अण्णांचा 1 जून मी जवळून पाहते. तारीख खोटी आहे हे त्यांना माहीत, पाठवणाऱ्यालाही माहीत. तरी ते चष्मा लावून एका बोटानं प्रत्येकाला उत्तर लिहितात: 'आभारी आहे. कुठे असतोस?' निम्म्या जणांचं त्यावर काही येत नाही. उरलेले लिहितात. कोणी सुरतेला लूमवर आहे, कोणी पुण्यात टेम्पो चालवतो, एकीची मुलगी नर्स झाली. खोट्या तारखेवर दोन दिवस खऱ्या गप्पा चालतात. हे पाहिल्यावर यंत्राला सरसकट शिव्या घालणं मला जमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वी विसरणं हे साधं होतं. बहुतेक जण विसरायचे आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. एखाद्याच्या लक्षात राहिलं तर ती वरकमाई. 'अगं, विसरलेच बघ' या वाक्यावर लोक विश्वास ठेवत. आता सकाळी सातला सगळ्यांच्या हातात घंटा वाजलेली असते. त्यामुळे विसरलं असं कोणाचं होतच नाही. गप्प बसलात तर ठरवून बसलात. शुभेच्छा ही हजेरीसारखी झाली: हजर असल्याचं कोणी कौतुक करत नाही, गैरहजेरी तेवढी मांडली जाते. लक्षात ठेवण्याचं ओझं यंत्रानं उचललं खरं, पण त्याच हातानं विसरायची सोयही उचलून नेली. आणि नात्यांना ती सोय लागते. वर्ष-दोन वर्षं एखादं नाव कालनिर्णयात न उतरवता ठेवायला, आणि मग काही न बोलता पुन्हा लिहायला.

आत्याकडे फेसबुक नाही. तिला शाळेत घातलंच नव्हतं, म्हणून तिच्या वाट्याला 1 जूनही आला नाही. आधार कार्ड काढताना वय अंदाजानं सांगितलं तेव्हा 1 जानेवारी पडली. त्या दिवशी बँकेचा शुभेच्छांचा एसएमएस येतो आणि नातू तो वाचून दाखवतो. तिचा खरा दिवस सांगू शकणारं आता कोणी राहिलेलं नाही. पण धाकटा भाऊ देश सुटला त्या वर्षीच्या नवरात्रात सातव्या माळेला झाला, सुईण बोलवायला आपल्याला पळवलं, तेव्हा देवीची आरती चालली होती, एवढं तिला पक्कं आठवतं. ती माळा मोजते. सातव्या दिवशी आरती झाली की फोन लावून म्हणते, 'झालास रे बाबा.' इंग्रजी तारीख दर वर्षी वेगळी असते, म्हणून आमच्यापैकी कोणाच्याच फोनमध्ये तो दिवस नोंदलेला नाही. अण्णा कुणाला सांगत नाहीत. आम्हीही आत्याचा फोन आला की मगच शिरा करतो.

2025च्या नवरात्रात एक तिथी वाढली. घट बसले 22 सप्टेंबरला आणि दसरा आला थेट 2 ऑक्टोबरला. सातव्या माळेच्या संध्याकाळी अण्णा नेहमीच्या खुर्चीत बसले होते, फोन शेजारच्या स्टुलावर. आठ वाजले, नऊ वाजले. आई म्हणाली, आपणच लावू या. 'नको,' अण्णा म्हणाले, 'तिकडे रेंज नसते कधीकधी.' साडेनऊला जेवले. नेहमी दहाला झोपणारा माणूस, अकरापर्यंत बातम्या बघत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकला.

'झालास रे बाबा.'

'अक्का, काल होती सातवी माळ.'

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मागं कोणीतरी टाळ ठेवल्याचा आवाज आला.

'माळ काल असंल. सप्तमी आज हाय. यंदा तिथी वाढलीया, तुला काय कळतंय त्यातलं?'

आजवर ती माळाच मोजत आली होती. सप्तमीचं नाव तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं. कालनिर्णय अण्णांच्या डोक्यामागेच खिळ्याला होतं, मान वळवली असती तर कळलं असतं.

'असंल, असंल,' अण्णा म्हणाले, आणि आईला हातानंच खूण केली, रवा भाजायला घे.