दोर धरणारा

डोंबिवली (पूर्व)

चि. चिमू,

गेल्या महिन्यात बंगळूरला तुझ्या ऑफिसात तू तो व्हीआर हेडसेट माझ्या डोक्यावर चढवलास आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या रसायनाच्या टाकीत उतरलो. झडप चुकीची फिरवली, मेलो, आणि तू चहा पुढे केलास! काम झकास आहे. एडविन लिंकच्या १९२९ सालच्या निळ्या खोक्यात बसून वैमानिक जमिनीवरच चुकायला शिकले. टाकीत उतरणाऱ्या हेल्परनेही तसंच शिकावं. पण कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाचं थोडं ऐक.

तुझी टाकी फार स्वच्छ आहे. खऱ्या टाकीत पायाखाली गाळ असतो, घामाने मास्कची काच धुरकटते आणि वरून सुपरवायझर ‘झालं का, झालं का’ करत असतो. ती घाई चित्रात आण.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं नवख्याला वाटतं. तुझ्या हेडसेटला वास नाही, हे बरंच आहे. नाक विसरून मीटरच्या आकड्याकडे बघायची सवय तिथेच लाव.

आणि मुख्य गोष्ट. तुझ्या खेळात सगळे आत उतरतात. बाहेर कोणीच उभं नसतं. कारखाने कायदा, १९४८ या जुन्या कायद्यातलं कलम ३६ वाच. आतल्याच्या पट्ट्याला दोर आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्याच्या हातात, असं त्यात लिहिलं होतं. आमच्याकडे एकदा आतला कोसळला, तेव्हा बाहेरच्याने दोर सोडला आणि स्वतःच आत उडी घेतली. दोघांना वर काढलं, एकच वाचला. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९८६ साली सांगितलं होतं, बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. जोडीदार डोळ्यांदेखत पडलाय, तरी उडी मारायची नाही. हाळी द्यायची, दोर ओढायचा. हे भाषणाने अंगी येत नाही. तुझ्या यंत्रात दहादा घोटून घेता येईल.

त्याआधी तुमच्या बंगळूरच्या पीन्या औद्योगिक वसाहतीत जा, शिफ्ट सुटताना कामगारांशी बोल. सूचना कन्नड, हिंदी, ओडियात दे. घाबरल्यावर मॅन्युअलची भाषा कोणालाच आठवत नाही.

एखादा मालक म्हणेल, हेडसेट घेतलाय, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं पुढच्या वर्षी बघू. त्याला तोंडावर नाही म्हण. माणूस न उतरवता टाकी धुता येत असेल, तर आधी ते. मग ब्लोअर, मग मीटर. तुझा हेडसेट त्यानंतर.

तुझा,
मामा

ता. क. पुढच्या वेळी मला टाकीत उतरवू नकोस. दोर माझ्या हातात दे आणि आत तू उतर. चहा नंतर.