सलगमातला दिवा

जरा स्थिर बसा. खांदे सैल सोडा. डोळे मिटा.

एक श्वास आत घ्या. सावकाश बाहेर सोडा.

आयर्लंडमधलं एक जुनं शेतघर डोळ्यांसमोर आणा. तारीख 31 ऑक्टोबर. सूर्य बुडतो आहे.

इथे जुन्या रिवाजाप्रमाणे नवा दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. म्हणून हा सणही अंधारातच उगवतो. साउइन. जग पुढे या रात्रीला हॅलोवीन म्हणून ओळखतं.

उंचावरच्या कुरणांतून गुरं खाली आली आहेत. पीक घरात आलं आहे. वर्षाचा काळोखा अर्धा भाग आजपासून लागतो.

चुलीत पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळतं आहे. त्याचा मातकट धूर नाकाशी येऊ द्या.

थांबा. नुसतं ऐका.

आता खिडकीकडे पाहा.

खिडकीत एक सलगम आहे. कठीण गर खरवडून खरवडून तो पोकळ केलेला. दोन डोळे. वेडेवाकडे दात. आत मेणबत्तीचा तुकडा.

ज्योत हलते. चेहरा हलतो.

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या संग्रहालयात अशाच एका चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा आहे. दात विचकलेला, भेसूर. कुणीतरी आपल्या हातांनी ती भीती कोरली होती.

बघत राहा. भीती वाटली, तर वाटू द्या. तिच्यासोबत एक श्वास घ्या.

आज जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधलं दार किलकिलं होतं, असं या घरात मानतात. भटक्या आत्म्यांनी दूर राहावं, म्हणून हा दिवा. त्यांना ओळख पटू नये, म्हणून मुखवटे. मुखवट्यातली मुलं दारोदार जातात. त्यांच्या हातावर सफरचंदं पडतात.

पुन्हा एक श्वास.

आता दोन दिवस पुढे या. 2 नोव्हेंबर, मृतात्म्यांचा दिवस. वसईत आणि गोव्यातही ख्रिस्ती कुटुंबं या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात.

तिकडे आयर्लंडच्या शेतघरातली माणसं झोपायला निघाली आहेत. चूल विझवत नाहीत. दाराला कडी घालत नाहीत. चुलीजवळ एक खुर्ची मांडून ठेवतात.

आपलं माणूस येईल. घटकाभर शेकेल.

त्या खुर्चीजवळ थांबा.

1845 पासून इथे बटाट्याचं पीक कुजलं. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. जवळपास तितकीच देश सोडून गेली. कितीतरी घरांत खुर्ची मांडायलाही कुणी उरलं नाही.

निघालेल्यांनी साउइनची रात्र सोबत नेली. अमेरिकेत त्यांना भोपळा मिळाला, मोठा, कोरायला सोपा. दिव्याचा चेहरा बदलला.

परक्या आत्म्यासाठी दिवा. आपल्या माणसासाठी खुर्ची. दोन्ही एकाच घरात. दोन्ही मनात असू द्या.

आता तुमच्या घरातलं, आज नसलेलं एक माणूस आठवा. त्याचा खोकला. त्याच्या चपलांचा आवाज. तुम्हाला हाक मारायची त्याची तऱ्हा.

छातीत काय हलतं, ते पाहा. ते भय आहे, की वाट पाहणं? उत्तराची घाई नको.

ज्याची आपण वाट पाहतो, त्याचं भय टिकत नाही.

सावकाश डोळे उघडा. आज जेवताना त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या. घरातल्या ज्या मुलांनी त्याला पाहिलं नाही, त्यांना त्याची एक गोष्ट सांगा.