मकपेलाचे शेत

(मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय 23)



आश्विन उतरणीस लागला होता. पाऊस उघडला होता व रानोमाळ ज्वारीच्या पेरणीची घाई चालली होती. अशा एका सकाळी आम्ही आमच्या एका स्नेह्यांसह शिरूर कासारकडील एका जुन्या दफनभूमीत गेलो. हे स्नेही शेतकरी असून मंडळीचे वडील आहेत. गवत कमरेइतके माजले होते, तरवड पिवळ्या फुलांनी भरला होता, आणि कोणती जागा कोणाची हे सांगावयास थोडेच दगड उरले होते.

एका बोरीजवळ ते थांबले व म्हणाले, "आमची आई इथंच कुठंतरी आहे, साहेब. तिला ठेवलं तेव्हा उशाशी एक धोंडा ठेवला होता. आता तोही दिसत नाही. यंदा कर्ज काढून तिच्या नावाचा चांगला दगड बसवावा म्हणतो. नाहीतर लोक म्हणतील, लेकानं आईचं नावसुद्धा राखलं नाही."

त्यांचे मागले देणे अजून फिटलेले नाही व नातीचे शिक्षण चालू आहे, हे आम्हांस ठाऊक होते. तरी आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण मृताच्या जागेवर दगड उभारणे हे काही पाप नव्हे. बेथलेहेमच्या वाटेवर राहेल वारली, तेव्हा याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभारला. ती प्रीतीची खूण होती. परंतु मोशेचे काय झाले? इस्राएलाच्या एवढ्या मोठ्या पुढाऱ्याची कबर कोणासही ठाऊक नाही. आणि तरीही रूपांतराच्या डोंगरावर प्रभू येशूजवळ तेजाने उभा राहिला, तो तोच मोशे! मनुष्यांस त्याची जागा सापडली नाही. देवास मोशे हरवला नव्हता.

आमच्या महाराष्ट्रातही असेच घडले आहे. अमेरिकेहून 1813 साली मुंबईस आलेले रेव्हरंड गॉर्डन हॉल हे 1826 च्या मार्च महिन्यात नाशिककडील फेरीवरून परतत असता पटकीने आजारी पडले. कुटुंब दूर अमेरिकेत होते. एका खेड्यातील देवळाच्या आश्रयास त्यांनी प्राण सोडला, व सोबतच्या तरुणांनी त्यांस त्या परक्या गावच्या मातीत ठेवले. जालन्याजवळ बेथेल गाव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे तर 1891 साली समुद्रप्रवासात निवर्तले. अशा सेवकांचे खरे स्मारक दगडाचे नव्हे. त्यांच्या श्रमाने ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या त्यांचे स्मारक होत.

आता अब्राहामाकडे पाहा. संपूर्ण कनान देशाचे वचन त्यास मिळाले होते. पण सारा 127 वर्षांची होऊन वारली, तेव्हा तिला ठेवण्यापुरतीही भूमी त्याच्या मालकीची नव्हती. हित्ती लोक त्यास जागा देण्यास राजी होते. त्याने ती फुकट घेतली नाही. वेशीत सर्वांच्या साक्षीने एफ्रोनास 400 शेकेल रुपे तोलून दिले, आणि मकपेलाचे शेत, त्यातील गुहा व झाडे यांसह कायम करून घेतले. त्या देशात त्याच्या मालकीची झालेली भूमी ती हीच, एका कबरेची! ती जणू वचनाचा विसार होता. ज्यास पुढे काही मिळावयाचे नाही, तो विसार का देईल?

शेजारच्या रानात पाभर चालली होती. आम्ही स्नेह्यांस विचारले, "पाटील, चाड्यावर मूठ धरून तुम्ही दाणा मातीत घालता, त्या प्रत्येक दाण्यावर नावाची पाटी लावता काय?"

ते हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "पाटी नाही लावत, साहेब. पण राखण करतो."

बंधूंनो, आम्ही बोध करावयास गेलो होतो; तो आम्हांसच मिळाला. पौल प्रेषित करिंथच्या मंडळीस लिहितो की, देह बीजाप्रमाणे पेरला जातो आणि अविनाशी असा उठतो. उगवण देवाची आहे, राखण आपली. कर्ज काढणार नाही, असे त्या स्नेह्यांनी तोंडाने म्हटले नाही. त्यांनी फक्त विळा मागितला, आणि आम्ही दोघे ऊन चढेपर्यंत त्या बोरीभोवतीचे गवत कापीत राहिलो.

म्हणून, प्रिय उपदेशकहो व मंडळीचे वडीलहो, तीन गोष्टी करा. वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्यांस दफनभूमीत नेऊन कोण कोठे ठेवले आहे हे विचारा, व ती नावे मंडळीच्या वहीत लिहा. अब्राहामाने वेशीत व्यवहार पक्का केला, तसे आपल्या दफनभूमीची हद्द व सातबाऱ्यावरील नोंद तपासून घ्या. आणि मृतांच्या मानासाठी जिवंतांच्या गळ्यात कर्ज बांधू नका. ज्या आईने उपाशी राहून लेकरास वाढविले, तिला नातीची वही संगमरवरापेक्षा गोड वाटेल.

जो मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारतो, तो त्या दिवशी बोरीखालच्या माउलीसही हाक मारील. तिचे नाव त्यास दगडावर वाचावे लागणार नाही. ही आशा प्रभू आपणां सर्वांच्या ठायी दृढ करो. आमेन.