गुरुवारचा उपास आणि जामिनाची सही

बँकेत ३६ वर्षे कारकुनी केली. त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर गेली. माणूस पाहताक्षणी ओळखतो, असा मला अभिमान होता. तो कसा उतरला, ते दत्तजयंतीच्या निमित्ताने भक्तमंडळींपुढे मांडतो.

१९९३ सालची गोष्ट. शाखेत एक गृहस्थ यायचे. कपाळाला अष्टगंध, गुरुवारचा कडक उपास, पौर्णिमेची नरसोबाची वाडी कधी चुकली नाही. प्रसादाचे पेढे आधी माझ्या टेबलावर. त्यांनी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहता का विचारलं आणि मी कागद न वाचता सही केली. सौ. म्हणाली, "अहो, त्यांचा धंदा कसा चाललाय ते तरी विचारायचं!" मी म्हटलं, "अगं, वाडीचा वारकरी माणूस, तो बुडवेल का?"

त्याच महिन्यात समोरचा चहावालाही जामीनदार शोधत आला होता. हा देवबिव मानत नसे आणि ते उघड सांगे. मी "बघू पुढे" म्हणून टाळलं. ज्याला देवाचं भय नाही, त्याला हप्त्याचं काय असणार, असं मनात आलं. आणि हाच माणूस वर्षभरापूर्वी, मुलीच्या लग्नासाठी पैसे काढले तेव्हा, माझ्या हातून पन्नासच्या नोटांचं एक बंडल जादा गेलं म्हणून संध्याकाळी परत घेऊन आला होता. पाच हजार रुपये! नाहीतर ते माझ्या खिशातून भरावे लागले असते. एवढा पुरावा हातात असूनही मी पाहिलं ते कपाळच.

आठ हप्त्यांनंतर गृहस्थांनी भरणं थांबवलं. विचारायला गेलो तर म्हणाले, "दत्तगुरूंची इच्छा." पुढची तीन वर्षे माझ्या पगारातून कपात झाली. चहावाल्याला दुसरा जामीन मिळाला. त्याने कर्ज मुदतीआधी फेडलं.

गुरुचरित्राची पारायणं मी कितीतरी केली होती. दहाव्या अध्यायात नवस फेडायला कुरवपूरला निघालेल्या वल्लभेश ब्राह्मणाला वाटेत चोर भेटतात. तेही सांगतात की आम्ही दर्शनालाच चाललोय. तो विश्वास ठेवतो आणि जिवाला मुकतो. श्रीपाद श्रीवल्लभ प्रकट होऊन चोरांना मारतात, पण एक जण मनाने निर्दोष असल्याचं जाणून त्याला सोडतात आणि वल्लभेशाला उठवतात. अंतरंग त्यांना दिसतं. आपल्याला दिसते ती वागणूक, आणि तीसुद्धा नीट बघितली तर.

मग श्रद्धेला किंमतच नाही का? आहे. रोज लाखांची रोकड हाताळताना मन कधी डळमळलं नाही, असं म्हणणार नाही. त्या वेळी टेबलाच्या काचेखालच्या दत्तगुरूंच्या फोटोनेच मला सावरलं. पण ते माझं आतलं खातं झालं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून त्या भाषेत सांगतो : भक्ती आपल्या खात्यात जमा धरू नये, ती नावे टाकावी. जितकी भक्ती, तितकं नीट वागण्याचं देणं वाढतं. ते देणं फेडलं की नाही, हे हप्त्याहप्त्याने दिसतं. आमच्या मंदिरातही दानपेटी तीन जण मिळून मोजतात आणि तिघेही सह्या करतात. कुणाच्या भक्तीचा त्यात अपमान नाही.

निवृत्तीनंतर एकदा चहावाल्याकडे बसलो होतो. न राहवून सगळं सांगितलं, माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "साहेब, शाखेत एवढी माणसं होती, मी तुमच्याकडेच का आलो होतो? म्हटलं, हे दत्ताचं करतात, नाही म्हणायचे नाहीत."

त्या दिवशीचा चहा घशाखाली उतरेना.

श्री गुरुदेव दत्त.